गाडी तापते, पण नेमकी केव्हा?
वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपतीचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एका तक्रारीची भर पडू लागते : जुनी गाडी घाटात किंवा कोंडीत तापते, गॅरेजमध्ये एकामागून एक भाग बदलले जातात आणि तरीही काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकतो. या अंकासाठी निवडलेली पत्रे कोकणपट्टीतली आहेत. गाड्या वेगवेगळ्या आहेत, दोषही वेगवेगळे आहेत. मात्र प्रत्येक पत्र वाचताना पहिल्यांदा एकच माहिती शोधावी लागली, ती म्हणजे गाडी तापते ती केव्हा. चढावर, कोंडीत, वेगात की सुरू केल्याबरोबर, हे नीट सांगितलेले असेल तर बॉनेट उघडण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असते.

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. वेंगुर्ल्यात आणि सावंतवाडीपर्यंत गाडी उत्तम चालते, काटा मध्याच्या खालीच असतो. मुलगी बेळगावला असल्यामुळे अधूनमधून आंबोलीमार्गे जावे लागते. दाणोली मागे टाकून घाट चढू लागलो की काही वळणांतच काटा वर सरकतो आणि धबधब्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागते. वर सपाटीवर पोहोचल्यावर तो आपोआप खाली येतो. मेस्त्रीने आधी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, नंतर रेडिएटरची कॅप बदलली, आणि आता हेड खोलावे लागेल असे म्हणतो. खोलू द्यावे का? (एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ला)

उत्तर : हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, आत्ताच खोलू देऊ नये. आपण परिस्थितीचे वर्णन इतके व्यवस्थित केले आहे की संशयाची दिशा त्यातूनच ठरते. गाडी सपाट रस्त्यावर तापत नाही, चढावर तापते आणि चढ संपला की सावरते. शिवाय पाणी कमी होत असल्याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही. याचा अर्थ थंडाव्याची यंत्रणा काम करते आहे, परंतु तिची ताकद उरलेली नाही.

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश भाग रेडिएटरवाटे बाहेर टाकावा लागतो. आपले इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे. सपाट रस्त्यावर त्याच्याकडून थोडकेच काम घेतले जाते, त्यामुळे अर्धाअधिक निकामी झालेला रेडिएटरसुद्धा वेळ निभावून नेतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, चौघे माणसे आणि सामान घेऊन चढताना मात्र इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीने राबत असते, आणि वेग कमी असल्यामुळे समोरून येणारा वाराही पुरेसा नसतो. रेडिएटरची उणीव नेमकी येथेच उघडी पडते.

ही उणीव दोन प्रकारची असू शकते : एकतर रेडिएटरमधून पाणी पुरेसे वाहत नाही, किंवा पाणी वाहते पण त्याची उष्णता हवेला दिली जात नाही. या दोहोंतला फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. बंदुकीसारखा दिसणारा, लांबूनच तापमान सांगणारा इन्फ्रारेड तापमापक आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. काटा वर चढलेला परंतु लाल पट्टीच्या अलीकडे असताना गाडी सुरक्षित जागी थांबवावी, एसी बंद असावा, इंजिन चालू ठेवून थोडी रेस धरावी आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या व रेडिएटरकडून परत येणाऱ्या अशा दोन्ही काळ्या रबरी होजचे तापमान घ्यावे. (चकचकीत धातूवर हा तापमापक चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मोजमाप रबरावर किंवा काळ्या प्लास्टिकवरच करावे.) दोन्हींत साधारण दहा अंशांच्या आसपास फरक असेल तर रेडिएटर आपले काम करतो आहे असे समजावे. फरक पंचवीस-तीस अंशांचा किंवा त्याहून जास्त असेल तर पाणी फार सावकाश वाहते आहे, म्हणजे नळ्या आतून चोंदल्या आहेत, पंपाची पाती झिजली आहेत, पट्टा सैल आहे किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो आहे. फरक जेमतेम दोन-तीन अंशांचाच असेल तर पाणी भरपूर वाहत असूनही हवा त्याची उष्णता घेऊन जात नाही. अशा वेळी रेडिएटरच्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन, आणि फॅन तपासावे.

वेंगुर्ल्यात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत माझा पहिला संशय फिनवर जातो. खाऱ्या वाऱ्याने अॅल्युमिनियमच्या या कागदासारख्या पत्र्या हळूहळू पांढरट होतात आणि त्यांचा भुगा होतो. समोरून पाहिल्यास हे सहसा लक्षात येत नाही, कारण एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढ्यात कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो आणि तो खराब रेडिएटर झाकून टाकतो. इंजिन पूर्ण थंड असताना फॅनच्या बाजूने खाली, तळाच्या चार-पाच बोटे रुंद पट्ट्याकडे पाहावे. रस्त्यावरचे पाणी आणि तांबडा चिखल तेथेच उडतो. नखाने हलकेच स्पर्श केल्यावर फिन वाकली तर धातू शाबूत आहे. ती राखेसारखी गळून पडली, आणि तिच्या मागची चपटी नळी उघडी दिसू लागली, तर त्या भागात रेडिएटर केवळ पाणी वाहून नेतो, थंड करीत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीतही एकदा टॉर्च धरून पाहावे. पावसाळ्यानंतर तेथे पाने, किडे आणि वाळलेली लाल माती यांचा चक्क थर सापडतो. तो काढताना पाण्याचा साधा पाइप इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धरावा. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने उरलेल्या फिनही आडव्या होतात.

फिन गळालेल्या असतील तर रेडिएटर बदलण्याखेरीज उपाय नाही. नळ्या चोंदलेल्या असतील तर रेडिएटर कोणत्या प्रकारचा आहे त्यावर पुढचे ठरते. जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या सोल्डरचा डाग काढून उघडता येतात व नळ्यांतून सळई घालून त्या साफ करता येतात. अॅल्युमिनियमच्या गाभ्याला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, त्या उघडून पुन्हा पाणबंद करणे सहसा साधत नाही. बाजारात मिळणारी सफाईची रसायने थोडाफार गाळ काढतात, परंतु दगडासारखा जमलेला थर त्यांनी निघत नाही, आणि गंजून नाजूक झालेल्या रेडिएटरला त्यानंतर गळती लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

रेडिएटर निर्दोष निघाला तर दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. पहिली म्हणजे पंपाकडे जाणारा खालचा होज. जुना होज मऊ पडलेला असतो आणि रेस वाढवली की पंपाच्या ओढीने तो आत चेपतो. इंजिन मंद असताना तपासल्यास काहीच दिसत नाही, म्हणून एकाने रेस वाढवावी व दुसऱ्याने पाहावे. दुसरी गोष्ट इंजिनच्या बाहेरची आहे. किनाऱ्यावर ब्रेकचे भाग गंजून अडकतात आणि गाडी कायम किंचित ब्रेक लागलेल्या अवस्थेत धावते. आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून स्पष्टपणे गरम लागले तर इंजिनला विनाकारण जास्तीचे ओझे ओढावे लागते आहे.

चालवण्याच्या पद्धतीबद्दल एक वाक्य लिहितो, राग नसावा : घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असताना रेटत नेऊ नये, वेळीच दुसरा टाकावा, इंजिनचे फेरे वाढले की पाण्याचा पंपही जास्त पाणी फिरवतो.

प्रश्न : माझी २००६ सालची हॅचबॅक गाडी गुहागर ते चिपळूण रस्त्यावर कधीच तापत नाही, पण चिपळूणच्या बाजारपेठेत कोंडीत अडकलो की दहा मिनिटांत काटा वर जातो. आश्चर्य म्हणजे अशा वेळी एसी लावला तर काटा खाली येतो. एसीने इंजिनवर भार येतो असे ऐकले आहे, मग हे उलटे कसे? (एक घरगुती खानावळ चालवणाऱ्या वाचक, गुहागर)

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे आणि आपण पाहिलेलेही बरोबर आहे. गाडी वेगात असताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. ती उभी असताना हे काम विजेच्या फॅनने करायचे असते. पाणी विशिष्ट तापमानाला पोहोचले की फॅन सुरू व्हावा अशी एक व्यवस्था असते, आणि एसी लावल्याबरोबर तो सुरू व्हावा अशी दुसरी. आपल्या गाडीत दुसरी व्यवस्था चालते आणि पहिली चालत नाही.

आधी बॉनेट उघडून फॅन किती आहेत ते मोजावे. फॅन एकच असेल तर त्याची मोटर ठीक आहे हे एसीनेच सिद्ध केले, आणि दोष तापमान ओळखणाऱ्या थर्मोस्विचमध्ये किंवा सेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा रिलेमध्ये (फॅनची वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) आहे. फॅन दोन असतील तर रेडिएटरचा मुख्य फॅन बंद पडलेला असून एसीचा फॅन त्याची कशीबशी भरपाई करीत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मोटर, फ्यूज आणि रिले यांपासून सुरुवात करावी. दोन सारखेच रिले शेजारी असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

ज्या गाडीत दोन वायरींचा साधा थर्मोस्विच असतो, तिच्यात त्याचा जोड काढून दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडावीत. फॅन फिरू लागला तर स्विच बदलावा. ज्या गाडीत फॅनचा निर्णय इंजिनचा संगणक घेतो, तिच्यात मात्र असे वायर जोडण्याचे धाडस करू नये. तेथे स्कॅनर लावून संगणकाला पाण्याचे तापमान किती दिसते ते वाचावे. काटा आणि संगणक यांचे सेन्सर अनेक गाड्यांत वेगळे असतात, त्यामुळे काटा वर गेलेला असतानाही संगणकाच्या लेखी पाणी थंडच असू शकते.

आपण समुद्रालगत राहता, म्हणून नवे भाग आणण्यापूर्वी जोड आणि अर्थिंग तपासून घ्यावे, असा माझा आग्रह राहील. फॅनच्या जोडाचे प्लास्टिक ओढून काढावे. पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड बसलेली दिसली तर वीज तेथेच अडते आहे. तसेच बॉडीला बोल्टने जोडलेली अर्थिंगची वायर सोडवून तिच्याखालचा गंज घासून धातू उघडा करावा, बोल्ट पुन्हा आवळावा आणि वरून ग्रीसचा हात फिरवावा. अर्थिंग खराब असेल तर फॅन फिरतो, पण मरगळल्यासारखा. तो फिरताना पाहून मेस्त्री त्याला निर्दोष ठरवतो आणि संशय भलतीकडेच जातो.

इंजिन बंद असले तरी गरम असताना विजेचा फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी बोटे आणि ओढणी किंवा साडीचा पदर दूर ठेवावा.

प्रश्न : गेल्या गणपतीला आम्ही पनवेलहून राजापूरला गावी निघालो होतो. गाडी डिझेल, पंधरा वर्षांची. संगमेश्वरच्या पुढे काटा लालपर्यंत गेला आणि थोड्या वेळाने अचानक तळाशी आला. संकट टळले असे वाटून आम्ही पुढे निघालो, पण हातखंब्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. जवळच्या पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी आणून लगेच ओतले. तेथल्या मेस्त्रीने फाटलेला होज बदलून दिला व गाडी मुंबईला परत आली. ती आता निर्धास्त वापरावी का? (एक चाकरमानी, पनवेल)

उत्तर : निर्धास्त वापरू नये, पण भंगारात काढण्याइतकीही घाई नाही. काटा अचानक तळाशी येणे हे या प्रसंगातले सर्वांत धोक्याचे चिन्ह होते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचे तापमान सांगतो. होजमधून पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो, आणि आत धातू भाजत असताना काटा गाडी थंड असल्याचे दाखवतो. म्हणून लाल पट्टीवरून काटा झपाट्याने खाली आला, आणि त्या वेळी उतार नसेल किंवा आपण थांबलेले नसाल, तर तो दिलासा न मानता तत्काळ गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

दुसरी गोष्ट पऱ्याच्या पाण्याची. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये एकदम गार पाणी गेले की धातू असमान आकसतो; हेड वाकते, क्वचित त्याला तडा जातो. गाडी परत आली यावरून मोठे नुकसान झालेले नसावे, परंतु लहानसे नुकसान पुढच्या चढावर मोठे होते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे, ऑइल बदलावे, नंतर काही आठवडे सकाळी गाडी थंड असताना पाण्याची पातळी पाहून ती टिपून ठेवावी, आणि शेवटच्या पत्राला दिलेल्या उत्तरातल्या खुणा तपासाव्यात. पऱ्याचे पाणी अजून आतच असेल तर ते काढून यंत्रणा शुद्ध पाण्याने धुवावी आणि योग्य कूलंट भरावा. बाकीचे होजही त्याच वयाचे आहेत. एक फाटला म्हणजे इतरांची मुदत संपत आली, असे समजून तेही बदलणे शहाणपणाचे ठरेल.

महामार्गावर पुन्हा असा प्रसंग आला तर काय करावे, हे पुष्कळ वाचक विचारतात. काटा चढू लागला आहे पण वाफ नाही, अशा अवस्थेत एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची बरीच उष्णता गाडीच्या आत खेचून घेतो. घामाघूम व्हावे लागेल, परंतु इंजिन वाचेल. (कोकणात हीटर लागतो कशाला, म्हणून काही गॅरेजमध्ये त्याचे पाइप परस्पर जोडून टाकलेले असतात, आपल्या गाडीत तसे झाले नाही ना, हे आधीच पाहून ठेवावे.) काटा लालवर गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास काहीही उघडू नये. नऊ दशांश किलोच्या दाबाची कॅप लावलेल्या यंत्रणेत पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्या तापमानाला कॅप उघडली की दाब नाहीसा होतो, पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि तोंड-हात भाजतात. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडके धरून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवावी, फुसफुस थांबू द्यावी आणि मगच ती काढावी. पाणी ओतताना इंजिन चालू करून, थोडे थोडे ओतावे.

प्रश्न : आमच्या येथील मेस्त्रीचे म्हणणे आहे की कोकणात थंडी पडत नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट काढून टाकावा आणि कूलंटऐवजी विहिरीचे पाणी घालावे. आमच्या आळीतल्या बहुतेक गाड्या अशाच चालतात. (एक मासळी व्यावसायिक, हर्णै)

उत्तर : चालतात, हे खरे, किती वर्षे चालतात, हा प्रश्न आहे. थर्मोस्टॅट हा थंडीसाठी बसवलेला भाग नाही. इंजिनचे ऑइल, पिस्टनमधल्या फटी आणि इंधनाचे प्रमाण हे सगळे ठरावीक तापमानासाठी योजलेले असते, आणि बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास उघडून ते तापमान राखतो. तो काढला की इंजिन अर्धवट गरम राहते, पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये ओल साठते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर याचा परिणाम उलटा होतो : तेथे थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वगळून जाणारी वाट बंद करीत असतो, तो नसेल तर पाणी त्या जवळच्या वाटेने फिरत राहते आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवावा, पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडतो का ते पाहावे. उघडत नसेल तर नवा घालावा.

कूलंटचेही तसेच आहे. बर्फापासून संरक्षण हा त्याचा आपल्याला निरुपयोगी असलेला गुण. पण तो उत्कलनबिंदू वाढवतो आणि मुख्य म्हणजे गंज रोखतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्यातले क्षार अॅल्युमिनियमला आतून भोके पाडतात. म्हणजे बाहेरून खारा वारा आणि आतून खारे पाणी, असा दुहेरी मार त्या रेडिएटरला बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे मिसळून भरावे. डब्यावर तयार मिश्रण असे लिहिलेले असेल तर त्यात पाणी घालू नये. हिरवा, लाल, केशरी असे वेगवेगळे कूलंट एकमेकांत मिसळू नयेत; रंगावर विसंबू नये, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यावा. काढलेला कूलंट अंगणात ओतू नये, कारण तो चवीला गोडसर आणि विषारी असतो, कुत्री-मांजरे तो चाटतात आणि मरतात.

प्रश्न : मेस्त्री म्हणतो गॅस्केट उडाले. हेड न खोलता याची खात्री कशी करावी? गाडीला अठरा वर्षे झाली आहेत, खर्च करावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचे इंजिन यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेल्याची खात्री करता येते, आणि ती केल्याशिवाय हेड खोलण्यास संमती देऊ नये.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढावी, पाणी काठोकाठ भरावे आणि इंजिन सुरू करावे. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. इंजिन कोमट होण्याआधीच बुडबुडे अखंड येत राहिले, आणि रेस वाढवल्यावर ते वाढले, तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो आहे. तसेच कॅप लावून सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी गरम होण्यापूर्वी, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तीच शंका बळावते. याहून भक्कम चाचणी म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो.

दोन खुणांच्या बाबतीत कोकणात विशेष सावध राहावे लागते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली की गॅस्केट गेले, असे सरसकट सांगितले जाते. पावसाळ्यात दमट हवेत बाजारापुरत्याच छोट्या फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरेसे तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते आणि निर्दोष इंजिनमध्येही तशीच मलई दिसते. म्हणून डिपस्टिक पाहावी; तिच्यावरचे ऑइलही चहासारखे दुधाळ असेल आणि पातळी वाढलेली असेल तर मात्र गाडी चालवू नये. श्रावणातल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेचेही तसेच : इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही ती दाट राहिली आणि पाणी कमी होत गेले, तरच ती खूण मानावी.

पाणी कमी होते पण गळती दिसत नाही, एवढ्यावरून गॅस्केटला दोष देण्याआधी पाण्याच्या पंपाखालचे छोटे भोक, हीटरच्या जोडाखालचा गालिचा आणि कॅप पाहावी. कॅपमध्ये दोन झडपा असतात. इंजिन निवताना बाटलीतले पाणी परत आत ओढून घेणारी छोटी झडप अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. केवळ बाटलीकडे पाहून समाधान मानणारे यात फसतात. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर ही झडप अडकली आहे, असे समजावे.

गॅस्केटच गेले असल्याचे सिद्ध झाले, तर हेड काढल्यावर ते नुसते पुसून नवे गॅस्केट बसवू देऊ नये. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, वाक मोजावा. छोट्या अॅल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, जास्त असेल तर फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करून, घ्यावे. फेसिंगच्या आधी हेडची दाबचाचणी करून तडा नाही याची खात्री करावी, कारण तडा गेलेल्या हेडवर केलेले फेसिंग वाया जाते. बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले जातील, हे कामाआधीच ठरवून घ्यावे.

खर्च करावा की नाही, हे गॅस्केटवर ठरवू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, म्हणजे आपल्या गाडीचे एक नूतनीकरण झालेले असणार आणि पुढचे फार दूर नाही. गाडी पिटावर घेऊन खालचा पत्रा, सस्पेन्शनच्या जोडण्या आणि दाराच्या उंबऱ्याचे पत्रे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावेत. किनाऱ्यावरच्या गाडीचे आयुष्य बहुधा इंजिनआधी पत्रा संपवतो. तेथे टणक आवाज आला आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन समान निघाले, तर हेडचा खर्च सार्थकी लागेल. पत्रा आत दबला, तर त्या पैशांत दुसरी गाडी पाहावी, आणि ती शक्यतो घाटावरची घ्यावी.